पळसदेवच्या गाळातली चूल

सन २०२४, मे महिना. माझं वय रेशन कार्डावर एकाहत्तर, आणि खरं किती ते सांगणारं माणूस आता कुणी राहिलं न्हाय. शाळा दुसरीपातूर. हे लिहिलंय ते माझ्या हातानं. नात म्हणाली, आबा, मी टाईप करून पाठवते, फक्त भाषा जरा सुधारते. तिला सांगितलं, सुधारायची असंल तर ऱ्हाऊ दे, कागद परत दे. म्हणून जसं हाय तसं वाचा.

ह्या सदरात लोक लिहित्यात ते नात मला वाचून दाखवती. कुणाला वळणावर बाई दिसती, कुणाच्या गाडीत मागं कोण येऊन बसतं... मी हसतो. जल्म मेंढरामागं गेला माझा. मसणवट्याच्या कडंला तळ टाकलाय, पडक्या विहिरीवर झोपलोय, अवसंला चुकलेली मेंढी हुडकत रानं पालथी घातली. दिसलं ते लांडगं आणि चोर. दोघास्नीबी काठी समजती. असल्या गोष्टीवर माझा इस्वास नव्हता, आजबी न्हाय. पर हे दिवसाढवळ्या घडलं, आमी तिघांनी बघितलं, आणि त्याचा फोटो हाय.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अंगाला. पाऊस नावाला. माझा पोरगा दत्ता बारामतीत एका कंपनीत फिटर हाय. काटेवाडीत त्यानं दोन खोल्या बांधल्या, मागं थोडी मोकळी जागा, पलीकडं उसाचं रान आणि पाण्याची चारी. दिवाळीनंतर तो आमास्नी हितं घेऊन आला. हौसाचं — म्हंजी माझ्या बायकोचं — गुडघं गेलेलं, औषधपाणी हितं बरं मिळतं म्हणून. मी आलो ते एका बोलीवर. उन्हाळा सरंपर्यंत. पेरणीच्या आत परत गावाला.

हौसाला ही बोली मान्य नव्हती. आल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मागच्या अंगणात उभी राहून म्हणाली, "आवं, हितं तीन धोंडं मांडून द्या की. गॅसवरची भाकरी मला गोड लागत न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो.

"का?"

"पावण्यानं चूल मांडायची नसती."

"ल्योकाच्या घरात मी पावणी व्हय?"

"मी हाय. म्हंजी तूबी हायेस."

"तुमचा ताठा गावाला कुलपात ठिवून यायचा व्हता," असं म्हणून ती आत गेली.

ह्यात ताठा नव्हता, रीत व्हती. आमी वर्सातलं आठ म्हैनं मेंढरं घेऊन फिरणारी माणसं. जितं तळ पडंल तितं बायका तीन धोंडं मांडून चूल करायच्या. चूल मांडली म्हंजी आमी तितं राहिलो. तळ हलायचा त्या दिवशी, सगळं घोड्यावर लादून झालं की, घरातल्या गड्यानं तिन्ही धोंडं उलथून टाकायचं. उभी चूल मागं सोडायची न्हाय. आई म्हणायची, उभी चूल सोडली तर बाईचं मन तितंच राहतं, पुढच्या तळावर तिचा हात बसत न्हाय. एवढंच. मला जायचं व्हतं म्हणून मी चूल मांडू दिली न्हाय. मांडून परत उलथायची, तर मांडायची कशाला?

दत्ता हुशार. त्यानं भांडण केलं न्हाय. दर रविवारी जुनी गाडी काढायची, आई-बापाला मागं बसवायचं आणि कुठंतरी न्यायचं. त्याचा इचार असा की म्हातारा भाग बघंल, भाग आवडंल, मग राहील. पयल्यांदा नेलं लोणी भापकरला. जुनं दगडी देऊळ आणि फुडं पायऱ्या-पायऱ्यांचं चौकोनी तळं. मी म्हणालो, असली देवळं आमच्याकडंबी हायेत. आणि मग बराच येळ त्या दगडांचं सांधं बघत बसलो, ते पोरानं बघितलं आणि गालात हसला. हौसा पायरीवर बसली ती उठंना.

मग सुप्याकडचं गवताचं रान. तितं हरणं असत्यात — चिंकारा. गाडीतली शहरातली माणसं दुर्बिणी लावून बसलेली, कुणाला काय दिसंना. मी नुसत्या डोळ्यानं दाखवली. एक बाई म्हणाली, काका, तुम्ही गाईड आहात का? मी म्हणालो, न्हाय, मी पावणा हाय. हौसानं माझ्याकडं असं बघितलं...

मग थंडीत भिगवणला गेलो. गुलाबी पायाची परदेशी पाखरं, रोहित म्हणत्यात त्यास्नी, आणि होडीतनं फिरणं. हौसा होडीत बसताना घाबरली आणि उतरायच्या टायमाला उतरंना. एका रविवारी वालचंदनगर, कारखान्याच्या वसाहतीतली म्हातारी झाडं बघायला. झाडं बघायला जायचं — हेबी मी हितंच शिकलो. परत येताना उसाचा रस. तिनं दोन गिलास प्यायलं आणि म्हणाली, "सगळा जल्म आपुन हितनं मेंढरं हाकत गेलो, बसून काय बघितलंच न्हाय."

मला आवडत न्हवतं असं न्हाय. पर आवडलं म्हणून माणसानं गाव सोडायचं व्हय? गावात चार माणसं राम राम घालत्यात. हितं दत्ताच्या कंपनीच्या गेटावरचा वॉचमन मला इचारतो, कुणाकडं आलाय.

मे उजाडला. मी दत्ताला म्हणालो, सोमवारच्या गाडीनं आमी निघणार. त्यानं आईकडं बघितलं. तिनं गुमान पोतं घेतलं, त्यात तळाला लोखंडी तवा घातला, वरनं पातळं, वरनं पितळी डबा, आणि गाठ मारली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिचं गुडघं गावाला जाऊन परत जड व्हणार हे मला ठाऊक व्हतं, तिलाबी ठाऊक व्हतं. पर बोल तो बोल.

दत्ता म्हणाला, "आबा, निदान रविवारी एक शेवटचं फिरून येऊ. पळसदेवला जाऊ. उजनी धरणाचं पाणी आटलंय, जुनं देऊळ वर आलंय. लोक लांबनं बघायला येत्यात."

पळसदेव म्हणल्यावर हौसानं मान वर केली. मग मलाबी नको म्हणवंना.

हितं थोडं मागचं सांगितलं पायजे, न्हायतर फुडचं कळायचं न्हाय. धरणाच्या आधी भीमेच्या काठाला आमचा तळ पडायचा. जुन्या पळसदेवच्या खालच्या अंगाला, काळ्या रानात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचं. आमचं लगीन झालं त्या वर्सी हौसा पयल्यांदा तळावर आली, आणि तिची स्वताची पयली चूल तिनं तितं मांडली. काळ्या मातीत धोंडा मिळत न्हाय. दोन कुठनं तरी मिळालं. देवळाच्या दगडाला हात लावायचा न्हाय असं वडलांनी बजावलेलं. गावातली माणसं त्या टायमाला घरं मोडून, दारं-तुळया गाड्यात घालून वर न्यायला लागलेली, कारण रान पाण्याखाली जाणार हे ठरलेलं. एका मोडलेल्या घराच्या अंगणात फुटक्या जात्याची अर्धी तळी, म्हंजी खालचा दगड, पडली व्हती. मधलं भोक अर्धं तुटलेलं. हौसानं ती डोक्यावर आणली आणि तिसरा धोंडा म्हणून मांडली. वडील चिडलं — दुसऱ्याच्या घरातलं जातं आपल्या चुलीला? पर नव्या सुनंला कोण बोलणार.

तळ हलला त्या सकाळी ती म्हणाली, "एवढी उलथू नका. हितं परत येयाचं हाय." मी म्हणालो, परत कसं येणार, हितं पाणी येणार. आणि उलथली. दोन धोंडं पायानं, तळीला दोन्ही हात लावावं लागलं. ती पालथी पडली त्याचा आवाज मला आजबी सांगता येतो. पुढल्या वर्सी आमी आलो तर नदी रानात शिरलेली. मग कधी त्या बाजूला तळ पडला न्हाय.

तर आता रविवार. ऊन चढलेलं. वर गाड्यांची रांग, मक्याची कणसं, तळलेल्या माशाचा वास, आणि देवळाच्या शिखराबरोबर फोटो काढणारी माणसं. देऊळ मातकट, चिखलानं माखलेलं, पर उभं. दत्ता गाडी लावायला गेला. मी देवळाकडं बघतोय तवर हौसा शेजारी न्हाय.

बघतो तर ती काठी टेकत गर्दीच्या उलट्या अंगाला, पाण्याच्या कडंकडंनं निघालेली. माणसं नव्हती त्या बाजूला. मी हाका मारल्या. "अगं ए! कुठं निघाली? गाळ हाय तितं!" मागं वळून बघंना. घरात न्हाणीपातूर जायला भिंत धरणारी बाई, आणि मला पळावं लागलं तिला गाठायला.

गाळ वरनं वाळून भेगाळलेला, पापडासारखा. पाय दिला की मोडायचा आणि घोट्यापर्यंत आत. खाली ओलाच व्हता. मी शिव्या देत मागं. ती एका जागी थांबली. मी पोचलो.

चूल व्हती.

दोन काळं धोंडं आणि तिसरी जात्याची अर्धी तळी, मधलं भोक अर्धं तुटलेलं. सरळ उभी, तोंड नदीकडं. आतल्या अंगानं काजळी. आत राख.

मी घाबरलो का, असं नात इचारती. न्हाय. मी पयलं पाय बघितलं. मेंढपाळाला दुसरं काय येतं? माग बघता येतो. चुलीच्या चारी बाजूला लांबपर्यंत गाळाचा पापड साबूत. बगळ्याची पावलं, बारक्या पाखरांची पावलं. माणसाची फक्त आमची. येताना उमटलेली, तिची काठी तिच्या बाजूला. दुसरं कुणाचं पाऊल न्हाय, पाण्याकडनं न्हाय, रानाकडनं न्हाय. आणि दुसरी गोष्ट — इतक्या वर्सांचा गाळ तितं कमरेएवढा तरी बसला असंल. जे खाली गाडलं गेलं ते असं वर कसं येईल? कालच मांडल्यासारखं?

"कुणीतरी चूल मांडलीया," मी म्हणालो.

"कुणीतरी न्हवं," हौसा म्हणाली. "माझी हाय."

"तुझी मी उलथली व्हती."

"ठाऊक हाय की. मी तितंच उभी व्हते."

तिला नवल वाटलंच न्हाय, हे मला सगळ्यात जास्त ध्यानात राहिलंय. ती खाली बसली. गुडघं दुमडून, सरळ. वाकली आणि राखंवर फुंकर मारली. आत लाल झालं.

तवर दत्ता धापा टाकत आला. "आई, अगं ऊन लागंल! काय करताय हितं?" त्यानं चूल बघितली. "कोळ्यांनी केली असंल. मासं भाजत्यात."

"आणि उडत आलं व्हतं का ते?" मी म्हणालो. "पाय दाखव त्यांचं."

तो फिरून बघून आला. मग म्हणाला, "मेचं ऊन हाय आबा, दगड तापलेत, एवढंच."

वरनं तापलेला धोंडा आणि आतनं तापलेला धोंडा मला कळत न्हाय व्हय? त्यानं खात्रीसाठी राखंत बोट घातलं आणि "आई गं!" करून झटकलं. बोटाला फोड आला.

पाण्यात जवळच एक कोळी होडीतनं जाळं काढत व्हता. पन्नाशीचा असंल. दत्तानं हाक मारली, "ओ दादा! ही चूल तुमची का?"

"कसली चूल?"

"ही! हितं!"

त्यानं होडी जरा जवळ घेतली, पर काठाला लावली न्हाय. बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, परवापर्यंत तितं पाणी व्हतं. माझं जाळंच लावलेलं व्हतं त्या जागंवर. तितं कोण चूल पेटवंल?"

"मग ही काय हाय?"

"ते मला काय ठाऊक. तुमी वर जावा. म्हातारीला घेऊन जावा." आणि होडी फिरवून गेला. मागं बघितलं न्हाय त्यानं.

दत्तानं फोटो काढला. चुलीचा, गाळाचा, आईचा. मग म्हणाला, चला. हौसानं पिशवीतनं भाकरी काढली. सकाळची, गॅसवरची, वाळून कडक झालेली. ती तिनं तळीला टेकवून उभी केली, एकदा फिरवली, राख झटकली, मोडली आणि अर्धी माझ्याकडं धरली.

"आई, ते खाऊ नको!" दत्ता म्हणाला.

"का? भाकरी हाय."

मी खाल्ली. आता तुमी इचाराल चव कशी व्हती. भाकरीची चव व्हती. गरम. बाजूनं जरा धुराचा वास — हिवराच्या लाकडाचा. हिवर त्या काठाला लई व्हता, आता एकबी दिसत न्हाय. त्याच्यावर मी काय जास्त म्हणत न्हाय. वास हा माणसाच्या नाकात जुना राहू शकतो.

निघताना मी सवयीनं वाकलो. निघायचं म्हंजी चूल उलथायची, हात आपोआप जातो. तळीला दोन्ही हात लावलं. मान वर केली तर हौसा माझ्याकडं बघत नव्हती. नदीकडं बघत व्हती. त्या वर्सी एवढी तरी उलथू नका म्हणाली व्हती. ह्या वर्सी काय म्हणाली न्हाय.

मी हात काढलं. तळी तापली व्हती, हात भाजलं म्हणून काढलं असं समजा.

जल्मात पयल्यांदा उभी चूल मागं ठिवून मी चाललो.

भिगवणच्या फाट्यावर दत्तानं बोटाला लावायला मलम घेतलं.

पुढचं एक आधीच सांगून टाकतो. पुढच्या रविवारी दत्ता आपल्या कंपनीतल्या एका मित्राला घेऊन परत गेला. त्याला चैन पडत नव्हतं. आमची पावलं गाळात वाळून तशीच व्हती, आईच्या काठीची भोकंसुद्धा. ती जात जात एका जागी थांबत्यात, गोल फिरत्यात आणि परत येत्यात. मधी सपाट गाळ. धोंडा न्हाय, राख न्हाय. कुणी उचलून नेलं म्हणावं तर नेणाऱ्याचा माग न्हाय. त्यानं काठीनं उकरून बघितलं, नुसता चिखल. फोटोत मात्र चूल हाय. दत्ता तो फोटो बोटानं मोठा करून करून बघतो आणि मग मोबाईल खिशात घालतो. त्याच्या मित्रानं सांगितलं, हल्ली मोबाईलमधी कसलंबी फोटो बनवता येत्यात. दत्तानं त्याला बोट दाखवलं. फोड गेला, डाग राहिलाय.

हे कशानं झालं ते मला ठाऊक न्हाय. हौसाला इचारलं तर म्हणती, "त्यात काय. मी तितंच व्हते." ह्याचा अर्थ मला लागत न्हाय आणि मी दुसऱ्यांदा इचारणार न्हाय. कुणी शिकलेल्या माणसानं कारण सांगितलं तर मी ऐकून घेईन. नुसतं ऊन लागलं म्हणू नये. ऊन मला ह्या वयात लागायचं न्हाय.

आणि मी हरलो असंबी कुणी समजू नये. मला कुणी राहा म्हणालं न्हाय, मी कुणाचं ऐकलं न्हाय.

त्या रविवारी रातच्याला पोतं बांधलेलं दारापाशीच व्हतं. सोमवारी सकाळी, गाडीच्या टायमाच्या बऱ्याच आधी मी उठलो आणि चारीच्या भरावावर गेलो. दोन धोंडं लगेच मिळालं. तिसरा मनासारखा मिळंना, लांबपर्यंत जावं लागलं. एकेक करून आणलं आणि मागच्या अंगणात मांडलं. हौसा दारात येऊन उभी राहिली. किती येळ उभी व्हती ठाऊक न्हाय.

मग खाली उतरली, एक धोंडा पायानं जरा आत सरकवला आणि म्हणाली, "तोंड वाऱ्याला केलंय. तुमास्नी एवढ्या वर्सांत चूल मांडता आली न्हाय."

मी आत जाऊन पोत्याची गाठ सोडली आणि तळातनं तवा काढून आणून दिला.